अल्ट्रावाइड घ्यावा की मोठा ४के? गेमिंग मॉनिटर घेण्याआधी हे या क्रमाने बघा

पहिला मोठा गेमिंग मॉनिटर घ्यायला निघालं की गाडी हमखास एकाच ठिकाणी अडकते. एकीकडे ३४ इंची अल्ट्रावाइड, लांबलचक, थोडा वळलेला, नुसत्या फोटोत बघितला तरी हवासा वाटणारा, आणि दुसरीकडे ३२ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा), नाहीतर थेट ४२ इंची ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो असा) टीव्हीच टेबलावर. मी तीन वर्षं अल्ट्रावाइड वापरला आणि आता दोन वर्षं झाली ३२ इंची ४के वापरतोय, दोन्ही मनापासून आवडलेत, त्यामुळे अमुकच भारी असं सरसकट म्हणणार नाही, पण एक नक्की सांगतो की या खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करायचीच नसते. आधी टेबल, मग तुमचे गेम, मग ग्राफिक्स कार्ड, आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर. मी पहिल्या वेळी बरोबर उलटा गेलो, मॉनिटर घरी आला, लावला, आणि मग लक्षात आलं की टेबलाची खोली जेमतेम ५० सेंटीमीटर आहे, चार दिवसांत मान धरली आणि शेवटी टेबल बदलावं लागलं.

आधी इंचांचा घोळ मिटवू

मॉनिटरचे इंच म्हणजे तिरकं माप, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन स्क्रीनचा आकार सारखा असेल तरच या मापाची तुलना होते. ३४ हा आकडा ३२ पेक्षा मोठा दिसतो म्हणून अल्ट्रावाइड मोठा असणार असं वाटतं, पण टेप लावून मोजा: ३४ इंची अल्ट्रावाइड साधारण ८० सेंटीमीटर रुंद आणि ३३ सेंटीमीटर उंच असतो, तर ३२ इंची ४के साधारण ७० रुंद आणि ३९ उंच. म्हणजे एकूण जागा बघितली तर ३२ वालाच थोडा मोठा निघतो.

आता नेहमीचा २७ इंची मॉनिटर घ्या, तो ६० सेंटीमीटर रुंद आणि साडेतेहतीस उंच. काही लक्षात आलं का? ३४ इंची अल्ट्रावाइड म्हणजे उंचीने तुमचा २७ इंचीच, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर ओढून लांबवलेला. तसंच ४९ इंची सुपर अल्ट्रावाइड म्हणजे दोन २७ इंची शेजारीशेजारी चिकटवलेले, रुंदी तब्बल १२० सेंटीमीटर. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. ज्यांच्याकडे आधीच ३२ इंची आहे आणि जे मोठा म्हणून ३४ चा अल्ट्रावाइड घेतात त्यांना पहिल्या दिवशी स्क्रीन बुटकी झाल्यासारखी वाटते, कारण ती खरंच बुटकी झालेली असते.

पायरी पहिली: पुठ्ठा कापा

मी गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच कापा. एक पुठ्ठा ८० बाय ३३ चा, दुसरा ७० बाय ३९ चा, आणि टीव्हीचा विचार असेल तर तिसरा ९२ बाय ५२ चा. ते टेबलावर जिथे स्क्रीन येणार तिथे उभे करा आणि खुर्चीत रोज बसता तसं बसा, एकदम ताठ नाही, नेहमीसारखं. डोळ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत टेपने मोजा. हे करताना एक विसरू नका की स्टँडचे पाय मागे-पुढे जागा खातात, अल्ट्रावाइडचे तर जास्तच, त्यामुळे टेबल ६० सेंटीमीटर खोल असलं तरी स्क्रीन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ येते.

माझ्या अनुभवाने ३४ अल्ट्रावाइड ६० ते ७५ सेंटीमीटरवर छान वाटतो, ३२ चा ४के ६५ ते ८० वर, आणि ४२ इंचीला ९० च्या आत बसूच नये. कारण रुंदीला डोळे सरावतात, उंचीला सरावत नाहीत. डावी-उजवीकडे नजर फिरवणं आपण दिवसभर करतोच, पण सतत वर बघायला लागलं की मानेचा मागचा भाग बोलायला लागतो. अल्ट्रावाइडची खरी ताकद इथेच आहे, तो जास्तीची जागा जिथे देतो तिथे मानेला फारसा त्रास होत नाही. आणि मोठा १६:९ (रुंदी-उंचीचं नेहमीचं प्रमाण) घेणार असाल तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली राहील एवढा तो खाली उतरतो का हे बघून घ्या, बऱ्याच ४२ इंचींचा स्टँड वरखाली होतच नाही.

मॉनिटर आर्म लावायचा असेल तर आर्मची वजन पेलायची मर्यादा आणि मॉनिटरचं स्टँडशिवायचं वजन दोन्ही बघा. वळलेल्या लांब मॉनिटरचं वजन पुढे येतं, आर्म अगदी मर्यादेवर असेल तर हळूहळू मान टाकतो. माझ्या पहिल्या आर्मने महिन्याभरात टाकली होती.

पायरी दुसरी: तुम्ही नक्की काय खेळता

इथे जरा वेळ काढा, कारण खरा निकाल इथेच लागतो.

अल्ट्रावाइडवर गेम जास्त भाग दाखवतो म्हणजे काय होतं ते आधी समजून घेऊ. चांगला सपोर्ट असलेल्या गेममध्ये उंचीला दिसणारं तेवढंच राहतं आणि बाजूंना नवीन चित्र येतं. १६:९ वर ९० अंशांचा आडवा फील्ड ऑफ व्ह्यू (डावी-उजवीकडे दिसणारा कोन) असेल तर ३४४० बाय १४४० वर, म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाइडवर, तो साधारण १०७ अंश होतो, आणि ३२:९ वर (४९ इंचीचं प्रमाण) जवळपास १२७. यातलं १०७ सुंदर वाटतं. १२७ ला मात्र कडेच्या गोष्टी रबरासारख्या ताणलेल्या दिसतात, कारण सपाट प्रक्षेपणात कडांना ताण येतोच, त्यात मॉनिटरचा दोष नाही. उलट काही गेम रुंद स्क्रीनवर वरखालचं चित्र कापून तेच मोठं करून दाखवतात, म्हणजे पैसे जास्त देऊन कमी बघायचं.

रेसिंग, ट्रक, विमानं उडवणं, हे जर तुमचं मुख्य असेल तर माझ्या मते पुढचं वाचायचीही गरज नाही, अल्ट्रावाइड घ्या. असेटो कोर्सा खेळताना वळणाची आतली बाजू आणि शेजारून घासत येणारी गाडी कॅमेरा न फिरवता दिसायला लागते, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कॉकपिटच्या बाजूची खिडकी दिसते, आणि हे एकदा अनुभवलं की १६:९ म्हणजे डोळ्यांना झापडं लावल्यासारखं होतं. सायबरपंक २०७७ सारखे मोठे सिंगल प्लेअर गेमसुद्धा अल्ट्रावाइडवर वेगळेच वाटतात, त्या शहरात रात्री नुसतं चालत फिरायला मी कितीतरी तास घालवलेत.

पण सगळेच गेम असे नाहीत. २०२२ चा एल्डन रिंग घ्या, एवढा गाजलेला गेम, पण अल्ट्रावाइडवर तो बाजूंना काळ्या पट्ट्या लावून १६:९ मध्येच चालतो. त्याला मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) आहेत, पण ते लावायला अँटीचीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं, म्हणजे ऑनलाइनची मजा गेली, आणि अँटीचीट असलेल्या कुठल्याही गेममध्ये असे मॉड लावून ऑनलाइन गेलात तर अकाउंट बॅन होण्याची भीती असते, नवीन लोकांनी हे विशेष लक्षात ठेवा. व्हॅलोरंटसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये कोणाला जास्त दिसू नये म्हणून रुंद दृश्य दिलेलंच नाही. काउंटर स्ट्राइक २ मध्ये ते मिळतं खरं, पण व्यावसायिक खेळाडू तिथेही २४-२५ इंची छोट्या वेगवान स्क्रीनवर, त्यातले कित्येक तर ४:३ (जुन्या टीव्हीसारख्या आकाराचं) चित्र ताणून खेळतात, त्यामुळे तुमचा सगळा वेळ असल्याच गेममध्ये जात असेल तर हे दोन्ही पर्याय सोडून छोटा आणि जास्त हर्ट्झचा (सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घ्या, मनापासून सांगतोय.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, गेम पूर्ण रुंद चालला तरी मधले कटसीन (गोष्ट पुढे नेणारी दृश्यं) बऱ्याचदा १६:९ मध्येच असतात. एचयूडीचंही (खेळताना स्क्रीनवर दिसणारी माहिती) तेच, मॅप आणि लाइफ बार अगदी टोकाच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, काही गेममध्ये ते आत ओढता येतात, काहींत नाही.

तर करायचं काय? कागदावर तुमचे दहा गेम लिहा, गेल्या वर्षात खरोखर खेळलेले आणि पुढे खेळणार असलेले, स्टीमवर विकत घेऊन पडलेले नाहीत. प्रत्येकाचं पान पीसीगेमिंगविकी या गेमच्या तांत्रिक माहितीच्या साइटवर उघडून अल्ट्रावाइड सपोर्टची ओळ बघा. दहापैकी सात-आठ नीट चालत असतील तर अल्ट्रावाइडचा विचार पुढे न्या. तीन-चारच असतील तर वर्षभर काळ्या पट्ट्या बघत बसाल.

पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याच स्क्रीनला जोडणार असाल तर प्रश्नच मिटला, दोन्ही अल्ट्रावाइड रिझोल्युशन देत नाहीत. ३४ इंची स्क्रीनच्या मधोमध २७ इंचीएवढं चित्र मिळेल. कन्सोल असलेल्याने ४के घ्यावा.

जुने गेम खेळणाऱ्यांसाठी ४के चा एक छान फायदा आहे. ४के म्हणजे १०८० पीच्या (१९२० बाय १०८०) बरोबर दुप्पट रुंदी आणि दुप्पट उंची, त्यामुळे इंटिजर स्केलिंग चालू केलं की १०८० पी चित्र चार-चार पिक्सेलचे ठोकळे करून जराही न भुरकटता बसतं. तोटाही आहे, काही जुन्या स्ट्रॅटेजी गेममध्ये मेनू स्केल होत नाही आणि ४के वर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

पायरी तिसरी: ग्राफिक्स कार्डाला आधी विचारा

पिक्सेलचा हिशोब असा आहे. २५६० बाय १४४० (१४४० पी) म्हणजे ३७ लाख, ३४४० बाय १४४० म्हणजे जवळपास ५० लाख, ५१२० बाय १४४० (४९ इंची) म्हणजे ७४ लाख, आणि ४के म्हणजे ८३ लाख. अल्ट्रावाइडपेक्षा ४के ला सुमारे ६७ टक्के जास्त पिक्सेल रंगवायचे असतात. एफपीएस (सेकंदाला बनणारी चित्रं) अगदी त्याच प्रमाणात पडत नाहीत, पण फरक चांगलाच जाणवतो.

आता नव्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही अशी युक्ती. मॉनिटर न घेताच तुम्ही हा भार आजच्या स्क्रीनवर टाकून बघू शकता. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर फॅक्टर्स (गेम मोठ्या रिझोल्युशनमध्ये बनवून तुमच्या स्क्रीनवर लहान करून दाखवायची सोय) असतात, एएमडीकडे त्यालाच व्हर्च्युअल सुपर रिझोल्युशन म्हणतात. तुमचा मॉनिटर १०८० पी असेल तर ४.०० निवडलं की गेममध्ये ४के रिझोल्युशन दिसायला लागतं, आणि २.२५ निवडलं की २८८० बाय १६२०, म्हणजे ४७ लाख पिक्सेल, जवळजवळ अल्ट्रावाइडएवढंच ओझं. १४४० पी असेल तर २.२५ म्हणजे थेट ४के, आणि १.५० म्हणजे अल्ट्रावाइडपेक्षा किंचित जास्त. तुमच्या सगळ्यात जड गेममध्ये, सगळ्यात गर्दीच्या ठिकाणी उभं राहून दोन्ही रिझोल्युशनचे एफपीएस लिहून घ्या. यूट्यूबवरचे वीस बेंचमार्क बघण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त कामाचा, कारण हे तुमचं कार्ड, तुमचा प्रोसेसर आणि तुमचा गेम आहे.

रुंद दृश्य कसं वाटतं तेही असंच बघता येतं, १४४० पी मॉनिटरवर २५६० बाय १०७२ असं कस्टम रिझोल्युशन बनवा आणि स्केलिंग बंद ठेवा, वरखाली पट्ट्या येतील आणि मध्ये खराखुरा अल्ट्रावाइड आकार, छोटा का होईना, पण गेम बाजूंना किती दाखवतो आणि एचयूडी कुठे जातो हे लगेच कळतं.

डीएलएसएस आणि एफएसआर (गेम कमी पिक्सेलमध्ये बनवून चित्र मोठं करणारी तंत्रं) यांमुळे हा हिशोब थोडा बदललाय. ४के वर परफॉर्मन्स मोड लावला की गेम आतून १०८० पी मध्ये बनतो, सुमारे २१ लाख पिक्सेल. ३४४० बाय १४४० वर क्वालिटी मोड लावला तर आतून सुमारे २२ लाख. म्हणजे आतलं ओझं जवळपास सारखंच! शेवटचं चित्र मोठं करायचा खर्च ४के ला जास्त येतो आणि व्हीरॅमही (कार्डाची स्वतःची मेमरी) जास्त लागते, पण मधल्या दर्जाच्या कार्डावर ४के म्हणजे वेडेपणा असं जे पूर्वी म्हटलं जायचं ते आता तितकंसं खरं राहिलं नाही. फक्त कार्डात ८ जीबी व्हीरॅम असेल तर नव्या गेमसाठी मी ४के सुचवणार नाही, तिथे टेक्श्चर (पृष्ठभागांचा बारकावा) कमी करत बसावं लागतं आणि मग ४के चा बारकावा घेऊन करायचं काय.

पायरी चौथी: गेम सोडून उरलेला दिवस

३४ अल्ट्रावाइडवर एका इंचात साधारण ११० पिक्सेल बसतात, २७ इंची १४४० पीवर जवळपास तेवढेच. ३२ च्या ४के वर १४० च्या आसपास. गेम धावत असताना हा फरक तासाभरात विसरायला होतो, पण वाचताना होत नाही, आणि देवनागरीत तर अजिबात नाही. जोडाक्षरं, रफार, मात्रा, अनुस्वार, सगळं ४के वर छापल्यासारखं सुबक दिसतं, मी अल्ट्रावाइडवरून ४के वर आलो ते मुख्यतः यामुळेच, दिवसा याच स्क्रीनवर आठ तास वाचन-लेखन असतं. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवलं की जागा १४४० पीएवढीच मिळते, पण अक्षरं कोरीव.

अल्ट्रावाइडची बाजूही सांगतो, तीन खिडक्या शेजारीशेजारी उघडायला, व्हिडिओ एडिटिंगची लांब टाइमलाइन बघायला त्याला तोड नाही. सिनेमास्कोप (खूप रुंद आकाराचे) चित्रपट जवळपास पूर्ण स्क्रीन भरतात, फक्त ब्राउझरमध्ये काही वेळा पट्ट्या व्हिडिओतच भाजलेल्या असतात आणि मग चारही बाजूंनी काळं दिसतं.

पॅनल, थोडक्यात

वक्रतेचा आकडा मिलिमीटरमधल्या त्रिज्येचा असतो, १८००आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, १०००आर म्हणजे एक मीटर, आकडा लहान तितकं वळण जास्त. ३४ ला हलकं वळण बरं वाटतं, ४९ ला ते लागतंच, ३२ ला सपाटच घ्या, विशेषतः डिझाइन किंवा ड्रॉइंगचं काम असेल तर.

स्वस्तातल्या व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की काळपट ओघळ दिसतात, एकदा डोळ्याला खटकलं की खटकतच राहतं. एचडीआर ४०० (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवण्याचा दावा) या लेबलवर भाळू नका, त्यात लोकल डिमिंग (स्क्रीनचा उजेड भागाभागाने कमी करणं) असायलाच हवं अशी अट नाही. ओएलईडी परवडत असेल तर गेमसाठी त्याच्यासारखं काही नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ३४ इंची क्यूडी-ओएलईडीवर (ओएलईडीचा एक प्रकार) सबपिक्सेलच्या, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांच्या, वेगळ्या मांडणीमुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसते, ३२ च्या ४के ओएलईडीवर पिक्सेल दाट असल्याने ती फारशी जाणवत नाही. आणि अल्ट्रावाइड ओएलईडीवर सतत १६:९ चे गेम खेळलात तर मधला भाग जास्त झिजतो आणि बाजूचा कमी, काही वर्षांनी तो फरक दिसू शकतो.

४२ इंची ४के टीव्हीचा एक गमतीशीर मुद्दा, त्याची घनता इंचाला १०६ च्या आसपास, म्हणजे ३४ अल्ट्रावाइडसारखीच. त्यावर ३८४० बाय १६०० असं कस्टम रिझोल्युशन लावलं की पट्ट्यांसकट भलामोठा अल्ट्रावाइड तयार, आणि ओएलईडीवर त्या पट्ट्या खरंच काळ्या असतात. टेबल खोल असेल आणि दोन्ही हवं असेल तर हा मार्ग चांगला आहे. टीव्हीवर गेम मोड चालू ठेवा, नाहीतर माऊस मागे मागे येतो.

मग मी काय घेईन

रेसिंग-फ्लाइट मुख्य, किंवा एकट्याने खेळायचे मोठे गेम आणि मधलं कार्ड: ३४ अल्ट्रावाइड, डोळे झाकून. दिवसा काम, रात्री सगळ्या प्रकारचे गेम, शेजारी कन्सोल: ३२ चा ४के. टेबल ६० पेक्षा कमी खोल असेल आणि बदलता येत नसेल तर तुमच्यासाठी २७ इंचीच बरा, त्यात कमीपणा काही नाही. ४९ इंची मात्र पहिला मॉनिटर म्हणून कोणालाच सुचवणार नाही, ३२:९ नीट चालवणारे गेम २१:९ (३४ इंची अल्ट्रावाइडचं प्रमाण) पेक्षाही कमी आहेत.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी

डब्यातली केबल वापरा आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टच वापरा. एचडीएमआय २.० वर ३४४० बाय १४४० साधारण १०० हर्ट्झपर्यंतच जातं आणि ४के ६० पर्यंत, ४के १२० हवं असेल तर एचडीएमआय २.१ ची वाढीव क्षमता लागते, आणि नुसतं २.१ लिहिलंय म्हणून ती असेलच असं नाही, स्पेसिफिकेशनमध्ये त्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात ते वाचा. मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा, बऱ्याचदा तो ६० वरच अडकलेला असतो. मी जुनी एचडीएमआय केबल तशीच लावून १४४ हर्ट्झचा मॉनिटर दोन आठवडे १०० वर चालवला होता.

नंतर खोलीत अंधार करून पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं आणि करडं चित्र एकेक करून लावा, मेलेले पिक्सेल, कोपऱ्यातून येणारा उजेड आणि करड्यावरचे डाग बघा. काही खटकलं तर लगेच फोटो काढून ठेवा, परत करायची मुदत संपेपर्यंत डबा आणि थर्माकोल टाकू नका, एवढा लांब मॉनिटर दुसऱ्या कुठल्या खोक्यात मावत नाही.